कणकुंबीच्या पाणलोटावर एक दिवस: खुणेच्या आणि बिनखुणेच्या वाटा कशा चालाव्यात

मलप्रभा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते, पूर्वेकडे जाते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. म्हादई त्याच खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात उगवते, पण ती गोव्यात उतरून पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. ही दोन खोरी वेगळी करणारी डोंगरधार दिसायला फार मोठी नाही. बऱ्याच ठिकाणी ती रुंद, झाडीने भरलेली आणि इतकी सपाट असते की आपण ती कधी ओलांडली हे पायांना कळतही नाही. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात दिवसाची डोंगरफेरी आखायची असेल तर नकाशावर सगळ्यात आधी ही धार शोधून पेन्सिलीने गडद करायची. पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावरच ठरतात.

पूर्वेकडचा उतार सौम्य आहे. तिकडचा ओढा धरून चाललं तर बहुतेक वेळा भाताची खाचरं लागतात, मग गुरांची वाट, मग गाव. पश्चिमेकडचा उतारही सुरुवातीला तसाच सौम्य वाटतो आणि नंतर एकदम तुटतो. म्हादई स्वतः गवाळी आणि चापोलीच्या मधल्या रानात वज्रपोहा धबधब्यातून कोसळते, आणि त्या बाजूचे लहान ओढेही कुठे ना कुठे उडी घेतातच. ‘चुकलात तर ओढ्याने खाली उतरा, गाव लागेल’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मलप्रभेच्या बाजूला तो चालून जातो. म्हादईच्या बाजूला तोच सल्ला माणसाला कड्याच्या तोंडावर नेऊन सोडतो, जिथून मागे फिरायला चढ निसरडा आणि पुढे पाऊल टाकायला जमीन नाही. त्यामुळे प्रत्येक ओढा ओलांडताना थांबून पाणी कुठे वाहतंय ते होकायंत्रावर बघायची सवय लावून घ्या. एखादं वळण फसवतं, म्हणून ओढ्याच्या दहा-वीस पावलांवर न जाता सगळ्या दरीचा कल कुठे आहे ते पाहा.

कुठे जायचं, कुठे विचारून जायचं

ज्यांनी नकाशा हातात धरून कधी चाल केलेली नाही त्यांनी थेट खानापूरच्या रानात शिरू नये. येळ्ळूरचा राजहंसगड बेळगावच्या उशाला आहे, वर गाडीरस्ता जातो आणि माथ्यावरून चहूबाजूंचा मुलूख उघडा दिसतो. होकायंत्राने दोन-तीन ओळखीच्या ठिकाणांची दिशा घेऊन त्या रेषा नकाशावर उलट्या ओढायच्या, आणि त्या राजहंसगडावरच एकमेकींना छेदतात का ते बघायचं. हा सराव एका सकाळी होतो. दुसरी पायरी देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड. तो चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतो, पण बेळगावकरांना घरच्यासारखाच. गडावर वस्ती आहे, देवळात माणसं असतात, झाडी दाट असली तरी वाट चुकून फार लांब जाता येत नाही. चढावरच्या पायवाटा, गुरांच्या वाटा आणि नुसत्याच विरून जाणाऱ्या वाटा यांतला फरक इथे शिकून घ्यावा.

मग जांबोटी-कणकुंबीचा पट्टा. इथे हद्दीचा हिशेब नीट हवा. जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे. ते २०११ साली जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगी लागते, मग वाट खुणेची असो की बिनखुणेची. भीमगड किल्ला आणि बारापेडेच्या गुहा याच हद्दीत येतात. त्या गुहांमध्ये राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे, तेव्हा ‘नुसतं डोकावून येतो’ हा विचारही नको. धारेच्या पलीकडे, राज्याची हद्द ओलांडली की गोव्याचं म्हादई अभयारण्य सुरू होतं आणि तिथे कर्नाटकची परवानगी चालत नाही. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगलही मोकळं रान नव्हे. तिथेही आधी त्या परिक्षेत्राच्या वनाधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन विचारायचं. राज्यातल्या काही वाटांची नोंदणी आता ऑनलाइन होते. तुमची वाट त्यात मोडते का, हेही तिथेच कळेल.

परवानगी मागताना हाताने काढलेला का होईना, वाटेचा नकाशा, माणसांची नावं, निघण्याची आणि परतण्याची वेळ असा एक कागद द्या. अधिकारी बहुतेकदा वाट बदलायला सांगतात. तेव्हा वाद घालू नका, कारण विचारा. पलीकडे हत्ती उतरलेत का, अस्वलाने कुणावर हल्ला केलाय का, ही माहिती नकाशात कधीच मिळत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या धबधब्यांकडे जायला बंदी घालतात. ती पाळावी. तेव्हाचे ओढे अर्ध्या तासात घोट्यापासून छातीपर्यंत चढतात.

कधी जावं

आमच्या मते नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे सहा-सात आठवडे सगळ्यात चांगले. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं, त्यात पाय कुठे पडतो ते दिसत नाही, जळवा असतात आणि दुपारनंतर परतीच्या पावसाच्या विजा होतात. जानेवारीपासून हवा छान असते, पण गोचिडांचा हंगाम सुरू होतो. त्याबद्दल शेवटी सविस्तर येईल. फेब्रुवारी संपता संपता सड्यावरचे, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या सपाट कातळावरचे, झरे आटतात. मार्चनंतर वणवे, ऊन आणि कड्यांवरची आग्या मोहोळं. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस दुपारी तीन-चारच्या सुमारास येतो आणि उघड्या सड्यावर वीज पडण्याचा धोका खरा असतो. त्या दिवसांत जायचंच असेल तर दुपारी एकपर्यंत माथा सोडलेला असावा.

वाटेवरच्या खुणा ओळखणं

आपल्याकडे सगळीकडे एका रंगाच्या पट्ट्या मारलेल्या वाटा नाहीत. ‘खुणेची वाट’ म्हणजे पुढच्यांपैकी काहीतरी एक: वनखात्याची फायर लाइन, जुना गाडीरस्ता, देवळाला किंवा देवराईला जाणारी मळलेली पायवाट, नाहीतर कुणा गिर्यारोहकांनी दगडावर मारलेले बाण. यांतली फायर लाइन दिसायला सगळ्यात ठळक आणि फसवायला सगळ्यात वाईट. ती आग अडवण्यासाठी काढलेली असते, कुठे पोचण्यासाठी नव्हे. ती सरळ चढते, सरळ उतरते आणि कधी कधी रानाच्या मधोमध संपते. हद्दीचे दगडही असेच. ते एका रेषेत असतात, पण ती रेषा दरीवरूनही जाऊ शकते. रंगाचे बाण ज्याने मारले तो कुठे चालला होता हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून बाणाची दिशा नकाशाशी जुळली तरच तो धरावा. दगडांची लगोर धारेवर दिसली तर बहुधा गुराख्याची किंवा चालणाऱ्याची असते. ओढ्याच्या काठी दिसली तर हौशी लोकांचा खेळ असण्याची शक्यता जास्त.

बिनखुणेच्या वाटांत माणसाची आणि जनावराची वाट ओळखता आली पाहिजे. माणसाच्या वाटेवर छातीच्या उंचीला फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्याने छाटलेल्या दिसतात, चढावर वाट तिरकी जाते, खिंडीत बसायला एखादा गुळगुळीत दगड असतो. गुरांची वाट रुंद असते, पण वर झाडी मोकळी नसते. वाकून चालावं लागलं की समजायचं, ही आपली नाही. ती पाणवठ्याला किंवा चरायच्या जागेला जाते आणि तिथे पंजासारखी फाटून संपते. गव्यांची वाट खोल, खुरांनी उखडलेली असते आणि धार सोडून सरळ दाट जाळीत शिरते. तिथे मागे फिरायचं.

सूचनाफलक कानडीत असतात. ‘अरण्य इलाखे’ म्हणजे वनखातं आणि ‘प्रवेश निषेधिसलागिदे’ म्हणजे प्रवेशबंदी. वाचता येत नसेल तर कानडी येणारा एक जण बरोबर असलेला बरा.

गावात वाट विचारताना ‘मामा, पुढं वाट हाय काय?’ असं विचारलं तर उत्तर नेहमीच ‘हाय की’ असं येतं. वाट असतेच, त्यांच्यासाठी. त्याऐवजी विचारा, ‘औंदा पावसाळ्यानंतर ह्या वाटेनं कोण गेलंय काय?’ कुणी गेलं नसेल तर कारवीच्या झुडपांनी वाट बुजलेली आहे असं समजा. दुसरा प्रश्न पाण्याचा: ‘ह्या महिन्यात पाणी कुठपर्यंत गावतंय?’ आणि तिसरा: ‘चुकून आम्ही ज्या वाटेला लागू ती कुठली?’ या तिसऱ्या प्रश्नाला गवळी धनगरांच्या वाड्यावर जे उत्तर मिळतं ते कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं असतं. त्यांनी सांगितलेला अर्धा तास आपला एक तास धरायचा. गावातला वाटाड्या बरोबर घेतला तर दिवसभराची मजुरी आधी ठरवा आणि त्याच्या जेवणाची सोय आपल्याकडे ठेवा.

आखणी: चढताना बिनखुणेची, उतरताना खुणेची

हा सगळ्या आखणीचा कणा आहे. चढताना सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यापासून खाली उतरणाऱ्या उपधारा, एका माथ्याकडे एकत्र येतात, त्यामुळे थोडंसं इकडेतिकडे झालं तरी वर गेल्यावर माणूस ठिकाणावर येतो. उतरताना त्याच सोंडा फाटत जातात. माथ्यावर पन्नास पावलांची चूक झाली तर खाली ती दोन किलोमीटरची आणि वेगळ्या दरीतली होते. म्हणून बिनखुणेचा टप्पा सकाळी, चढावर, ताज्या डोक्याने आणि भरपूर उजेडात घ्यायचा. दुपारचा उतार ओळखीच्या, मळलेल्या वाटेने. उलट केलं तर दिवसातली सगळ्यात अवघड निवड दमलेल्या पायांनी, संध्याकाळी चार वाजता करावी लागते.

याला एक जोड हवी. चढताना मध्येच माघार घ्यावी लागली तर त्याच बिनखुणेच्या वाटेने उतरायचं आहे, म्हणून पहिल्या पावलापासून फोनवर मार्ग नोंदवत राहा आणि प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो काढा. परतताना दिसणार आहे ते दृश्य हेच, चढताना समोर दिसतं ते नव्हे. रंग मारू नका. कापडाच्या पट्ट्या बांधल्या तर परतीला सोडून आणा. त्याच वाटेने परतणार नसाल तर बांधूच नका, कारण मागून येणारा त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण खात्याचा पन्नास हजारी नकाशा वापरा. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीचं २० मीटरचं अंतर. म्हणजे १८ मीटरचा कडा या नकाशावर दिसेलच असं नाही. रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे उतरायचा विचार सोडून द्या, पण त्या विरळ आहेत म्हणून जागा सोपी असेलच असंही धरू नका. ज्या टोकदार वळणांचं टोक उताराकडे ती सोंड, ज्यांचं टोक चढाकडे तो ओढा. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एक अंशाचा फरक आहे, तो सोडून दिला तरी चालतो. मात्र होकायंत्र जांभ्यावर किंवा काळ्या कातळावर ठेवून वाचू नका, त्यातल्या लोहामुळे काटा हलू शकतो. फोन आणि पॉवर बँकेपासूनही ते हातभर लांब धरा.

नकाशावर दोन गोष्टी ठरवून ठेवा. एक, आधाररेषा: चालताना जी डाव्या किंवा उजव्या हाताला कायम राहील अशी धार, रस्ता किंवा नदी. दोन, अडवणारी खूण: जी ओलांडली तर आपण पुढे गेलो हे नक्की कळेल. रस्त्याच्या उत्तरेला चालत असाल तर जांबोटी-कणकुंबीचा डांबरी रस्ता दक्षिणेची अडवणारी खूण होतो. धारेच्या पश्चिमेला मात्र अशी खूण नाही, तिथे थेट कडा आहे. म्हणून धार नेहमी पश्चिमेला राहील अशी वाट आखणं शहाणपणाचं.

आता वेळेचा हिशेब. मळलेल्या वाटेवर ताशी ४ किलोमीटर, बिनखुणेच्या रानात ताशी दीड, आणि कारवीच्या दाट जाळीत ताशी एकसुद्धा होत नाही. दर १०० मीटर चढाला १० मिनिटं वेगळी. समजा एकूण चाल १२ किलोमीटरची आहे, त्यात ८ खुणेची, ४ बिनखुणेची आणि चढ ५०० मीटर. खुणेचे २ तास, बिनखुणेचे २ तास ४० मिनिटं, चढाची ५० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. तासाला दहा मिनिटांची विश्रांती आणि जेवणाला चाळीस मिनिटं धरली की सात तास होतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या थोडा पुढे मावळतो, पण दाट झाडीत अर्धा-पाऊण तास आधीच काळोख पडतो. सकाळी सातला पाऊल टाकलं तर दुपारी दोनपर्यंत खाली आणि हाताशी तीन तास शिल्लक. ही शिल्लक नसेल तर वाट लहान करा. परतीची वेळ आधी ठरवून ती सगळ्यांना सांगा, उदाहरणार्थ साडेबारा. माथा शंभर मीटरवर असला तरी साडेबाराला वळायचं.

वरच्या उदाहरणात ४ किलोमीटर बिनखुणेचे आहेत. तुमची ही पहिली वेळ असेल तर तो आकडा दीडवर आणा.

माणसं कमीत कमी चार असावीत. एक जखमी झाला तर एक त्याच्यापाशी बसतो आणि दोघं मदतीला जातात, एकट्याला कुणालाच जावं लागत नाही. आठांच्या वर नकोत. जो हळू चालतो तो दुसऱ्या नंबरावर, अनुभवी माणूस शेवटी. बसने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता ते बेळगावच्या स्टँडवर आदल्या दिवशी विचारा. ती चुकेल या भीतीने लोक शेवटच्या तासात आडवाट धरतात आणि तिथेच घात होतो.

पाठीवर काय असावं

पाणी हिवाळ्यात माणशी ३ लिटर, मार्चमध्ये ४. ओढ्याचं पाणी प्यायचं तर कापडातून गाळून क्लोरिनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून निदान अर्धा तास थांबा. ओआरएसची पाकिटं माणशी दोन. ती नसतील तर १ लिटर पाण्यात सपाट भरलेले ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. जेवणाला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दही-भात उन्हात लवकर आंबतो, तो नको. चालता चालता खायला चिरमुरे कामाचे नाहीत, पोट भरतं पण बळ येत नाही. गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याची वडी बरी.

बुटांचा तळ रबरी आणि खोल नक्षीचा हवा. बाजारात मिळणारे कापडी हंटर शूज ओल्या दगडावर महागड्या स्पोर्ट्स शूजपेक्षा चांगली पकड घेतात आणि लवकर सुकतात, फक्त घोट्याला आधार देत नाहीत. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट. कारवी पायांना ओरबाडते, आणि नोव्हेंबरनंतर खाजकुइलीच्या शेंगांची सोनेरी कुसं वाऱ्यानेसुद्धा अंगावर येतात. ती लागली तर चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही. आधी चिकटपट्टी चिकटवून ओढून काढायची, मग धुवायचं.

बाकी गोष्टी: माणशी एक हेडलाइट आणि जादा सेल, शिट्टी, कागदी नकाशा प्लास्टिकमध्ये, होकायंत्र, १० हजार एमएएचची पॉवर बँक, चकचकीत बचाव चादर, एक गरम कपडा, दोन रुंद क्रेप बँडेज, ॲलर्जीची आणि तापाची गोळी, चिमटा. फोन विमान मोडवर ठेवा. या सीमेवर तो कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र असे तिन्हीकडचे टॉवर शोधत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. विमान मोडवरही जीपीएस चालतं. दाट झाडीत आणि अरुंद दरीत ते पंचवीस-पन्नास मीटर चुकू शकतं, म्हणून एका नोंदीवर निर्णय घेऊ नका. दोन मिनिटं स्थिर उभं राहून परत बघा.

चालताना

पहिल्या तासात मुद्दाम हळू चाला. पन्नास हजारी नकाशावर अंतर मोजायला पावलांचा हिशेब उपयोगी पडतो. सपाट रस्त्यावर १०० मीटरला आपली किती दुहेरी पावलं होतात ते घरीच मोजून ठेवा. साधारण ६० ते ७० होतात, रानात त्यांत पंधरा-वीसची भर पडते. बिनखुणेच्या टप्प्यात दर १५ मिनिटांनी थांबून तीन प्रश्न: आधाररेषा कुठल्या हाताला आहे, पाणी कुठे वाहतंय, शेवटची पक्की जागा किती मिनिटं मागे. तिसऱ्याचं उत्तर अर्ध्या तासाच्या वर गेलं की पुढे जायचं नाही.

कारवीच्या जाळीत दोघांमध्ये दोन-तीन हातांचं अंतर ठेवा, फांदी मागच्याच्या डोळ्यावर बसते. सड्यावर धुकं असेल तर ते उठेपर्यंत सड्याच्या अलीकडेच थांबा. सड्यावर वाट उमटत नाही, आणि चारी बाजू सारख्याच दिसतात. डिसेंबरात धुकं बहुधा नऊ-साडेनऊला विरतं.

अस्वल माणसाला बघून चवताळतं ते मुख्यतः अचानक गाठ पडल्यावर. वळणांवर आणि दाट झाडीत बोलत चाला, पहाटे आणि संध्याकाळी रानात असूच नका. गवा दिसला तर शंभर मीटर तरी राखून वाट सोडा. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा. दांडेलीकडून येणारे हत्ती खानापूर, चंदगड, दोडामार्गपर्यंत फिरतात. ताजी लीद किंवा मोडलेला बांबू दिसला की मागे वळायचं. शेताच्या कडेने जाताना एकाही तारेला हात लावू नका, रानडुकरांसाठी तिच्यात वीज सोडलेली असू शकते.

आग्या मोहोळाच्या कड्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून दाट झाडीत पळा आणि थांबू नका. पाण्यात बुडी मारण्याचा उपाय चालत नाही, माशा वर वाट बघतात.

साप चावला तर वेळ लिहून घ्या, अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हाड मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर करा आणि माणसाला शक्य तितकं उचलून न्या. कापणं, चोखणं, दोरीने आवळणं यांपैकी काहीही नको. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. चापडा या विषारी सापावर ती चालत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांचा. साप मारून किंवा पकडून नेण्यात वेळ घालवू नका. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नेताना वाटेतूनच फोन करून लस आहे का विचारा.

चुकल्याची खात्री झाली तर

बसा. दहा मिनिटं पाणी प्या, काहीतरी खा. घाईने टाकलेली पहिली शंभर पावलं सगळ्यात जास्त नुकसान करतात. मग नोंदवलेल्या मार्गाने मागे, शेवटच्या पक्क्या जागेपर्यंत. मार्ग सापडत नसेल आणि उजेड असेल तर वर चढून धार गाठा. धारेवर फोनला रेंज मिळण्याची शक्यता जास्त असते आणि दोन्हीकडचा मुलूख दिसतो. तिथून पूर्वेकडे उतरता येतं. पश्चिमेकडे, गाव डोळ्यांना दिसत असलं तरी, उतरायचं नाही.

मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. सीमेवर फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरला लागून त्यांच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो, म्हणून पहिलं वाक्य ठिकाणाचं: राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर, जवळचं गाव अमुक. मग जीपीएसचे अक्षांश-रेखांश, मग काय झालं ते. बोलणं तुटत असेल तर हाच मजकूर एसएमएसने पाठवा, तो अर्ध्या काडीच्या रेंजमध्येही निघून जातो. शिट्टीचा संकेत एका मिनिटात सहा फुंका, मग मिनिटभर शांतता, परत सहा. उत्तर तीन फुंकांनी येतं.

पाचनंतर हलायचं नाही. डिसेंबरची रात्र बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते, त्यात गरम कपडा आणि बचाव चादर असलेला माणूस सहज तगतो. अंधारात कड्याच्या बाजूला चालणारा तगत नाही. ऊब म्हणून शेकोटी पेटवू नका. सुक्या रानात ती हाताबाहेर जायला वेळ लागत नाही, आणि राखीव जंगलात ती गुन्हाही आहे.

खाली आल्यावर

ज्या गावातून निघालात तिथे परत आल्याचं सांगा, आणि वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली असेल तर तीही बंद करा. नाहीतर रात्री माणसं शोधायला निघतात.

जळू चिकटली असेल तर नखाने तिचं तोंड बाजूला सरकवून काढा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, जखम दाबून धरली की ते हळूहळू थांबतं. गोचिडांचं प्रकरण वेगळं आहे. माकडताप, म्हणजे १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखलेला आजार, गोचिडांच्या चाव्यातून होतो आणि तो आता शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गातही आढळलेला आहे. जानेवारी ते मे हा त्याचा मुख्य काळ. त्या दिवसांत पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारं डेपा तेल किंवा दुकानातलं गोचीडरोधक लावा, पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर पन्नास पावलं लांबून वळसा घाला आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जागा कळवा.

घरी पोचल्यावर कपडे अंगणातच काढून गरम पाण्यात टाका. काख, जांघ, गुडघ्यामागची बाजू, कानांमागे आणि केसांत एकमेकांची तपासणी करा. गोचिडांची पिल्लं खसखशीएवढी असतात, बोटाला लागतात पण डोळ्यांना सहज दिसत नाहीत. चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, जळती काडी यांनी गोचीड आणखी लाळ सोडते. पुढचे दोन आठवडे रोज ताप बघा. अचानक थंडी वाजून ताप, कपाळात ठणका आणि अंगदुखी सुरू झाली तर घरच्या गोळीवर भागवू नका. डॉक्टरांना जाऊन पहिल्यांदा हेच सांगा की अमक्या तारखेला खानापूरच्या रानात गेलो होतो. त्याशिवाय माकडतापाची तपासणी करायचं त्यांच्या डोक्यात येणार नाही.